सात नंबरची नळी

कागद तुम्ही छापला. शिक्का तुम्ही मारला. खालची ती कोंबडीनं पाय ओढल्यासारखी सही तुमची. आणि त्या कागदाचा अर्थ काय हे ठरवायला मात्र तुम्ही आमची गल्ली ठेवलीत. तुम्ही म्हणजे नेमके कोण, ते शिवय्यांना दीड वर्ष हिंडूनही कळलं नाही. लॅब म्हणते डॉक्टर, डॉक्टर म्हणतात लॅब, सरकारी कचेरी म्हणते अर्ज दोन प्रतींत आणा. म्हणून नाव न घेता सांगतो. जे कुणी असाल त्यांनी आपापल्या अंगाला लावून घ्या.

शिवय्या, जंगमाचे म्हणून सगळ्यांचे स्वामी, मार्केट यार्डात गुळाची पारख करायचे. तीस वर्षं. ढेपेचा कोपरा फोडायचा, उजेडात धरायचा, खडा जिभेवर ठेवायचा आणि नंबर सांगायचा. त्यांच्या तोंडून "दोन नंबर" निघालं की शेतकरी गप्प, अडत्या गप्प, मुंबईचा व्यापारीही गप्प. एवढा मोठा अधिकारी, पण स्वतःच्या घरात चहात साखर किती घालायची हेसुद्धा त्यांच्या हातात नव्हतं. घरात सौदा रत्नव्वाचा. रत्नव्वा म्हणजे त्यांची बायको. सकाळी लिंगपूजा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि पूजा आटोपली की दिवसभर सुनेवर नजर.

सून विद्याश्री, आजऱ्याची. चार वर्षांत दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा असं होऊ नये म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी लिहून दिली. एकाच नळी रक्तात तीन विषाणूंची चौकशी. एक रुबेला, एक हर्पिस, आणि तिसऱ्याचं नाव इतकं लांब की लॅबमधला मल्लेश ते म्हणताना मध्ये एकदा श्वास घ्यायचा. सन अठ्ठ्याण्णव, दिवाळी नुकतीच झालेली, यार्डात नव्या गुळाच्या गाड्या लागलेल्या. शिवय्या सौदा सोडून सुनेबरोबर लॅबमध्ये गेले, कारण त्यांचा मुलगा महांतेश याला ऑफिसातून रजा मिळाली नव्हती. महांतेशला रजा कधी मिळते आणि कधी मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

"आम्ही विषाणू शोधत न्हाय, स्वामी," मल्लेश सुई टोचता टोचता म्हणाला. "विषाणूशी लढायला अंग शिपाई तयार करतं. त्या शिपायांची गिनती करतो."

"म्हंजे शिपाई सापडला की चोर आलाच असणार म्हणा की."

"ते डॉक्टर सांगतील. आम्ही बोलायचं न्हाय, साहेबांची ताकीद हाय."

ताकीद! ज्याला कळतं त्यानं बोलायचं नाही आणि ज्यानं बोलायचं त्याला वेळ नाही, अशी ही सगळी रचना आहे.

कागद आला. सहा ओळी. प्रत्येक विषाणूच्या दोन, एकीपुढं इंग्रजी जी, दुसरीपुढं एम. जीच्या तिन्ही ओळींत पॉझिटिव्ह, एमच्या तिन्ही ओळींत निगेटिव्ह. तळाला इंग्रजीत एक वाक्य. शेजारचे नृसिंह सर, हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं. "रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे, असं लिहिलंय."

"कुणी ताडायचं, सर?"

"ते लिहिलेलं नाही."

"बरं, तीन पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह. म्हंजे पास का नापास?"

सरांनी पेपर तपासल्यासारखा विचार केला. "पन्नास टक्के. ग्रेस धरून पास म्हणायला हरकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी ग्रेस धरली नाही. बाहेर चाळीस बायका बाकांवर, आत फोन वाजतोय. बाईंनी कागदावर डोळे फिरवले. गूळ पारखायलासुद्धा शिवय्यांना ह्याच्या चौपट वेळ लागायचा. "इन्फेक्शन दिसतंय. सहा महिने चान्स घेऊ नका. गोळ्या लिहिते. मग परत टेस्ट."

"इन्फेक्शन म्हंजे कसलं, बाई?" विद्याश्रीनं विचारलं.

"पुढचा पेशंट पाठवा," बाई दाराकडं बघून म्हणाल्या.

संपलं. हे एवढंच तुमचं ताडून पाहणं. मग बाकीचं आमच्या गल्लीनं ताडून पाहिलं.

त्या वर्षी एस.टी. स्टँडपासून सी.पी.आर. दवाखान्यापर्यंत भिंती रंगवलेल्या होत्या आणि सगळ्या भिंतींवर पॉझिटिव्ह या शब्दाचा एकच अर्थ होता, एड्स. समोरच्या शालूबाईंनी तो अर्थ दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचवला. शालूबाईंना वाईट बाई म्हणू नका. कुणाच्या घरी मयत झालं की पहिला डबा त्यांचा येतो. पण बातमी आणि डबा यांत त्या फरक करत नाहीत, दोन्ही गरम असतानाच पोचवतात. तशात नृसिंह सरांनी शब्दकोशात हर्पिस काढला, वाचला, आणि कोश मिटून म्हणाले, "स्वामी, हे मी तुम्हाला सांगणार नाही." न सांगितल्यामुळं तर आणखीच झालं.

संध्याकाळी रत्नव्वानं सुनेचा कप वेगळा केला. निळ्या फुलाचा, कान तुटलेला कप. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खिळा ठोकला आणि त्याला सुतळीनं टांगला.

"अत्ती, मी काय केलंय?" विद्याश्री सासूला म्हणाली.

"ते तुझं तुला ठावं. कुठनं आणलंस ते सांग."

महांतेश पेपर वाचत होता. शिवय्यांनी त्याला विचारलं, "तू नवरा हाईस न्हवं तिचा? बोल की कायतरी."

"अव्वा म्हणंल तसं, अप्पा," महांतेश म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

रत्नव्वाचं म्हणणं तयारच होतं. संक्रांतीला घरात हळदीकुंकू, चाळीस बायका येणार, त्यांच्यापुढं ही नको. संक्रांतीच्या आत हिला आजऱ्याला पोचवायची, आणि पोचवायची म्हणजे ठेवायचीच. इचलकरंजीचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलीच्या बापाचे आठ माग, मुलगी धडधाकट, आणि तिचा कुठलाही कागद काढलेला नव्हता.

शिवय्यांचा धंद्यातला एक नेम होता. एका ढेपेवरनं ते आख्खी गाडी नापास करत नसत. दुसरी ढेप फोडायचे, तिसरी फोडायचे. ते पुन्हा लॅबमध्ये गेले. "परत तपासा."

"स्वामी, ह्या तपासणीचं किट एकदा फोडलं की संपवावं लागतं," मल्लेश म्हणाला. "दहा-बारा नमुनं जमल्याबिगर साहेब मशीन लावत न्हाईत. म्हैन्याभरानं या."

महिन्याभरानं संक्रांत होऊन गेलेली असणार. शिवय्या तिथंच उभे राहिले. यार्डात लॉरी भरली नाही म्हणून कुणी महिना थांबतं का? शेजारच्या दुकानाचा माल चढवतात आणि लॉरी सोडतात.

"बारा पाहिजेत न्हवं? बारा आणतो."

आणि इथंच ते काम हातातून सुटलं. शिवय्यांना वाटलेलं, गल्लीतल्या बायका दार लावून घेतील. त्यांनी शालूबाईंपुढं विषय काढला मात्र, बाईंचा चेहरा पांढराफटक. दिवाळीत विद्याश्रीच्या हातचा चहा त्यांनी दोनदा घेतला होता आणि दुसऱ्यांदा बशीतनं. "स्वामी, माझं नाव पयलं घाला!" मग तानाबाईंना आठवलं की त्यांनी तिची फणी वापरली होती. चिमणाबाईंना आठवलं की त्यांनी तिच्याकडून विरजण नेलं होतं. ज्या गल्लीनं त्या पोरीला वाळीत टाकलं, त्याच गल्लीच्या अंगात ती अशी ठायी ठायी निघाली. दुपारपर्यंत दहा नावं झाली. अकरावं रत्नव्वाचं. तिनं आधी साफ नाही म्हटलं, पण शालूबाई देणार आणि आपण नाही म्हटल्यावर तिला राहवेना. विद्याश्री धरून बारा.

रविवारी सकाळी शिवय्यांच्या सोप्यावर मल्लेश पेटी घेऊन आला. नृसिंह सरांनी आदल्या दिवशी घरोघर सांगून ठेवलं होतं की रक्त उपाशीपोटीच द्यायचं असतं. ह्या तपासणीला उपाशी राहायची गरज नसते, हे मल्लेशला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याला बोलायची ताकीद होती. नऊ वाजता बाराच्या बारा बायका उपाशी आणि एकमेकींवर गुरगुरत बसलेल्या. शेवटच्या घरातली नवी सून रक्षिता सुई बघायच्या आधीच चक्कर येऊन पडली. तिला उचलायला तालमीतली पोरं धावली. पोरांनी सुया बघितल्या, नळ्या बघितल्या, आणि अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडाला भव्य रक्तदान शिबिराचं कापड लागलं. कर्णा लागला. नगरसेवकांना बोलावणं गेलं, ते आलेही, त्यांनी नारळ फोडला आणि शालूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, तुमच्या रक्तानं कुणाचा तरी जीव वाचंल."

"माझाच वाचूदे आधी," शालूबाई म्हणाल्या.

ह्या सगळ्या गोंधळात शिवय्यांनी एक गोष्ट मात्र धंद्यातल्यासारखी केली. नळीवर नाव लिहू दिलं नाही. "नंबर टाक, मल्लेश. सौद्यात ढिगाला नंबर असतोय. नाव कळलं की नजर फिरती." नावांची यादी एकट्याच्या खिशात. रत्नव्वा तीन नंबर. विद्याश्री सात नंबर. रक्षिता नऊ.

बाराव्या तानाबाई. त्या कर्ण्याच्या आवाजात परसदारानं पळाल्या. मल्लेशनं हात वर केले. "अकरावर साहेब मशीन लावायचं न्हाईत."

शिवय्यांनी बाही वर सारली.

"स्वामी, ही बायकांची तपासणी हाय."

"रक्ताला मिशा असत्यात व्हय? घे."

आठ दिवसांनी बारा कागद आले. त्या दुपारी शिवय्या कागद घेऊन घरी पोचले तेव्हा खिळ्यावर कप कोरडा लटकत होता. संक्रांतीला अजून पाच दिवस होते. पण महांतेशला त्या दिवशी रजा मिळाली होती. तो सकाळच्या एस.टी.नं विद्याश्रीला आजऱ्याला सोडून दुपारच्या जेवणाला परतही आला होता.

शिवय्या जेवले नाहीत. तसेच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले, चाळीस बायकांच्या रांगेत एकटा पुरुष म्हणून दोन तास बसले आणि आत जाऊन बारा कागद टेबलावर ठेवले.

"कॅम्प घेतला होता का? चांगलं केलंत," बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "एक नंबर, इन्फेक्शन. दोन, तेच. तीन, हिचा आकडा बराच वर आहे."

"सात?"

"सात पण तसंच. इतरांपेक्षा कमी आहे, पण आहे."

"आणि बारा?"

बाईंनी बारावा कागद वर उचलला, भुवया चढवल्या. "हिला जपायला लागेल. ह्या बाईनं सहा महिने दिवस जाऊ देऊ नयेत."

"न्हाय जाऊ देत," शिवय्या म्हणाले. "साठ वर्षं सांभाळलंय, आणि सहा म्हैनं सांभाळतो. बारा नंबर मी हाय, बाई."

फोन वाजला, बाईंनी उचलला नाही. चष्मा काढला. आणि मग ज्या गोष्टी त्यांना दोन महिन्यांपूर्वी सांगता आल्या असत्या, त्या त्यांनी दोन मिनिटांत सांगितल्या. मोजून दोन. जीची ओळ म्हणजे कधीतरी, बहुतेक लहानपणी, होऊन गेलेलं. आपल्याकडं मोठ्या माणसांत ते बहुतेकांत असतंच. अंगात शिपाई आहेत एवढाच त्याचा अर्थ. एमची ओळ म्हणजे आत्ता नुकतं. एम निगेटिव्ह, म्हणजे आत्ता काही नाही.

"मग माझ्या सुनेला काय झालतं?"

"या कागदावरून काहीच झालेलं दिसत नाही."

"दोनदा पोट का रिकामं झालं?"

"त्याचं कारण या कागदात नाही."

"हे तवा का सांगितलं न्हाईसा?"

बाई दाराकडं बघत म्हणाल्या, "बाहेर बघता ना किती आहेत." मग एकदम त्यांचं बोट एका कागदावर थांबलं. "ही नऊ नंबर. हिची रुबेलाची जी निगेटिव्ह आहे. बारांत हिलाच संरक्षण नाही. मूल व्हायच्या आधी हिला लस टोचून घ्यायला सांगा, आणि नंतर थोडे महिने थांबायला."

शिवय्यांना वाटलं, आता गल्लीत जायचं, सगळं सांगायचं, की संपलं. भोळा माणूस. तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून त्यांनी सांगितलं, की सगळ्यांत आहे, माझ्यात आहे, आणि त्यात काही नाही. गल्लीनं पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला.

"म्हंजे मलाबी झालाय म्हणता?" शालूबाई कडाडल्या. "चार लेकरांची आई मी! सुनेचं झाकायला आख्खी गल्ली बाटवताय व्हय, स्वामी?"

शेवटच्या घरात वेगळाच आनंद. रक्षिताच्या सासूनं नऊ नंबरचा कागद मागून घेतला आणि पेढे वाटले. "सगळ्या गल्लीत आमचीच तेवढी सोच्छ निघाली." शिवय्या तिला लसीचं सांगायला गेले तर तिनं पेढ्याचा पुडा मागं घेतला. "तुमची धाडलीसा, आता आमच्या सुनेत खोट काढताय?" ज्या एकटीला खरोखर सुईची गरज होती तिच्या कपाळाला हळदकुंकू लागलं आणि जिला कशाचीच गरज नव्हती ती आजऱ्यात. हे तुमच्या कागदाचं काम. बघा, आवडतं का.

राहिली रत्नव्वा. शिवय्यांनी तिच्यापुढं तीन नंबरचा कागद ठेवला. "सुनंपेक्षा तुझा आकडा तिप्पट हाय."

"माझी पाच बाळंतपणं झाल्यात!"

"तेच सांगतोय मी. आकडा एवढा आणि बाळंतपणं पाच. मग तिच्या आकड्यानं काय केलं?"

रत्नव्वानं कागदाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि कागद चुलीत सारला. उरलेले दहा शिवय्यांनी धोतराच्या सोग्यात खोचले. खिळ्यावरचा कप तिनं काढला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शिवय्या आजऱ्याला गेले. विद्याश्री घरी नव्हती, काजूच्या कारखान्यात कामाला लागलेली. लांबलचक टेबलावर काजूचा ढीग, तोंडाला फडकं बांधून बायका निवडत होत्या. तिचं बोट चालत होतं, आख्खा इकडं, पाकळी तिकडं. शिवय्या क्षणभर बघतच राहिले. पारख करणारा माणूस लगेच ओळखतो, हात बसलेला होता.

त्यांनी कागद पसरले. सगळं सांगितलं. तालीम, कर्णा, बारा नंबर, सहा महिने सांभाळायचं. शेवटाला ती फडक्याआड हसली, आणि शिवय्यांना वाटलं, जमलं.

"मावा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आणि हे कुठं हायत?"

"त्येला रजा न्हाय मिळाली."

"मला सोडायला मिळालती की."

शिवय्यांनी पसरलेले कागद गोळा करायला घेतले.

"हितं बघा," ती म्हणाली, "तुटलेला काजू टाकत न्हाईत. वेगळ्या डब्यात घालत्यात. कप वेगळा केलता न्हवं माझा, तसा. पर काजू तुटलाय का न्हाय ते आधी डोळ्यानं बघत्यात." तिचा हात थांबला. "समजा सगळ्यांचे कागद चांगलं निघालं असतं आणि माझाच एकटीचा असा आला असता. मग आला असता का मला न्यायला?"

साठ वर्षांच्या माणसानं खोटं बोलू नये. शिवय्या बोललेच नाहीत.

"मी येते," विद्याश्री म्हणाली. "पर कागदानं घालवलं, तर कागदावरच लिवून आणा. ह्या सात नंबरच्या तळाला जागा हाय. हिला काय झालेलं न्हवतं. सही आणि शिक्का. न्हायतर अत्ती उद्या दुसरा कागद काढतील आणि गल्ली परत ताडून बघंल."

सोपं काम. एक ओळ. शिवय्या लॅबमध्ये गेले. साहेब म्हणाले, "आम्ही आकडे लिहितो, अर्थ लिहीत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तोंडी बोलले होते. इन्फेक्शन आहे असं लेखी दिलंच नव्हतं, तर लेखी मागं काय घेऊ?" सरकारी दवाखान्यात सांगितलं, खाजगीचं आमच्याकडं येत नाही. कचेरीत सांगितलं, तक्रार रुग्णानं स्वतः करायची, रुग्ण आजऱ्यात असेल तर आजऱ्यात करायची. मग शिवय्यांनी स्वतःच्या नावानं अर्ज केला. मी बारा नंबरचा रुग्ण, मला सहा महिने दिवस जाऊ देऊ नका असं सांगण्यात आलं, तरी खुलासा व्हावा. कारकुनानं तो अर्ज चार टेबलांवर वाचून दाखवला. चारी टेबलं हसली. आवक नंबर मात्र पडला नाही.

दीड वर्ष झालं. इचलकरंजीचं स्थळ दुसरीकडं जुळलं. महांतेश पेपर वाचतो. रक्षिताला दिवस गेलेत, लस टोचलेली नाही, आणि तिची सासू अजून त्या निगेटिव्ह कागदाला ऊद दाखवते. कप खिळ्यावर आहे, सुतळी काळी पडली. शिवय्या दर अमावास्येला, सौदा बंद असतो तेव्हा, सात नंबरचा कागद घेऊन कुठल्या ना कुठल्या दारात उभे राहतात. घड्यांवर तो फाटलाय, चिकटपट्टीनं जोडलाय. पण तळाची जागा शाबूत आहे. चार बोटं. मोजली आहे.

तुमच्या पेनात शाई आहे, शिक्क्याला डबी आहे. तीन विषाणू एका नळीत शोधता, तेवढी अक्कल आहे. चार बोटं जागेत एक ओळ लिहायची आहे, मराठीत, आमच्या गल्लीला वाचता येईल अशी. ती लिहिणार आहात का नाही? व्हय का न्हाय, तेवढं सांगा. आजऱ्यात एक बाई वाट बघते आहे.